डाव्या बाजूच्या होड्या

ते जहाज बुडालं त्या सकाळी वाऱ्याची झुळूकही नव्हती. दाट धुकं होतं आणि समुद्र सपाट. आमच्या दादानं मात्र चित्रात डोंगराएवढ्या लाटा उसळवल्यात, वर विजाही पाडल्यात. धुराडं एक होतं, त्यानं दोन काढली. का, तर एकानं चित्र रिकामं वाटतं म्हणे!

दादा माझा थोरला भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा जन्म गेला. मोठं चित्र काढलं ते हे एकच. पण बंदरावरच्या संग्रहालयात ते मधोमध लागलं आणि दादा एकदम चित्रकार झाला. मी त्याच संग्रहालयात जहाजांची मॉडेलं करतो. या जहाजाचं मॉडेलही मीच केलं, दोन वर्षं खपून, दोरांची गाठ न् गाठ खरी. ते कोपऱ्यात भिंतीलगत उभं आहे. लोक चित्रापुढे डोळे पुसतात आणि माझ्या काचेत बघून केस नीट करतात. आई तर तोंडावर म्हणाली होती, "तुझं छानच आहे रे, पण दादाच्या पाण्याचा ना, आवाज येतो." या गोष्टीला बावीस वर्षं झाली. लपवायचं कशाला? मी जळतो त्याच्यावर.

परवा संग्रहालयाच्या मुख्य बाई म्हणाल्या, "चित्रात चुका आहेत म्हणतात. तुम्ही एकदा तपासून द्याल का?"

मी वाटच बघत होतो. बसल्या बैठकीला अकरा चुका काढल्या. चौथीखाली दोन रेघा मारल्या: डाव्या बाजूला जीव वाचवायच्या तीन होड्या होत्या, चित्रात एकही नाही. होड्याच न घेता निघाला म्हणून लोक कप्तानाला शिव्या घालतात. चित्र उतरवावं.

बाईंनी दोघांना बोलावलं. दादानं चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून यादी वाचली.

"वादळ माझं," तो म्हणाला. "धुराडंही माझंच."

चौथ्या ओळीवर बोट थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. तो हुज्जत घालणार म्हणून मी बंदरातल्या जुन्या नोंदी बरोबरच आणल्या होत्या.

"हेही माझंच," तो म्हणाला. "उतरवा, बाई."

जिना उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझं जहाज येऊ दे आता मधे. कधीचं कोपऱ्यात पडलंय बिचारं." मला आकाश ठेंगणं झालं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चित्र उतरलं. सुतारानं आणि मी काच काढली, स्क्रू सोडवले आणि मॉडेल उचलून दालनाच्या मधोमध ठेवलं. सुतार कौतुकानं पलीकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "काय हो, या बाजूच्या होड्या कुठायत?"

मी गेलो. डावी बाजू नुसती काळ्या रंगाची, कोरी. एकही होडी नाही.

भिंतीकडची बाजू कोण बघतंय, म्हणून आम्ही मॉडेलवाले ती नुसती रंगवून सोडतो. तशी मीच सोडली होती आणि पार विसरलोही होतो. पण काच बसण्याआधी ते जहाज तीन महिने दादाच्या खोलीत होतं. "यावरून काढ," मीच त्याला सांगितलं होतं, "यात चूक सापडायची नाही." त्यानं नेमकी डावी बाजू काढली. वादळ मनाचं घातलं, धुराडं मनाचं घातलं. माझ्या हातच्या कामावर मात्र त्यानं शंका घेतली नाही. बाईंच्या खोलीत, त्या चौथ्या ओळीवर, हे सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. एका शब्दानं तो मला उघडा पाडू शकला असता.

लाज वाटली, पण नंतर. आधी आठवलं ते त्याचं "हेही माझंच". किती सहज म्हणाला! मला ते जन्मात जमलं नसतं. तिथेही मला त्याचा हेवाच वाटला.

यादीची माझी प्रत खिशातच होती. चौथ्या चुकीपुढे माझं नाव लिहिलं आणि बाईंच्या खोलीकडे निघालो.