पाण्याने घेतलेली उष्णता

"पाण्याला खोलीची सवय होऊ द्या बे!"

पाटोद्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून तिथल्या सरांची ही आरोळी यायची. प्रयोगाच्या पाण्याची त्यांची बादली सकाळीच भरून झाकलेली असे. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवत असे, आणि माझ्या मुलांचं अर्धं लक्ष त्या आरोळीकडेच.

तुम्हीही असा एखादा चिवट मास्तर पाहिला असेल. एकदा मार्चमध्ये टाकीचं पाणी उन्हाने तापलेलं, म्हणून मुलांनी शिक्षकखोलीतल्या माठाचं गार पाणी प्रयोगाच्या भांड्यात ओतलं. तापवलेल्या शिशाच्या गोळ्या पाण्यात पडण्याआधीच पारा चढायला लागला. मुलं खूश! सरांनी सगळी भांडी मोरीत उपडी केली.

"ही उष्णता गोळ्यांनी दिली का खोलीनं? कुणाची कुणाच्या नावावर मांडता?"

"सर, गाईडात उत्तर हाय की!"

"मग गाईडालाच पास करतो."

आणि सदऱ्याला चष्मा पुसत स्वतःच हसले.

ते नव्वदीचं दशक होतं. लातूरच्या क्लासांचं वारं आमच्याकडेही पोचलं आणि हुशार मुलं तिकडे निघाली. सरांची एकुलती लेकही गेली. तिची आई केव्हाच वारलेली, आणि पोरीला खाणावळीचं जेवण सोसेना. तेवढ्यात तिथल्या एका क्लासने सरांनाच शिकवायला बोलावलं. मला ते जायला नको होते. मधल्या सुट्टीत ते चहाला येत म्हणून मीही घेत असे. एरवी मला चहा आवडतही नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं.

"मॅडम, इतकी वर्षं शेजारी हाव, तुमी कधी प्रयोग केला न्हाई."

थर्मामीटर माझ्या हातात दिला. गोळ्या पाण्यात पडल्या, मी ढवळत राहिले. पारा जेमतेम दोन अंश चढला.

"एवढंच?"

"शंभर ग्रॅम पाणी, दोन अंश. दोनशे कॅलरी घेतल्या त्यानं. पाणी लई घेतं मॅडम, दाखवत न्हाई."

"सर, जाऊ नका," मी म्हणाले.

त्यांनी थर्मामीटर माझ्या हातून घेऊन पुसला.

"लेक जेवत न्हाई हो," एवढंच बोलले.

त्यांनी ते तांब्याचं भांडं विसळलं, मी पदराने पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गेले. एका घरात राहणाऱ्या माणसांसारखं आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम ते एवढंच.