मोठ्या आईनं डॉक्टरांना खरं सांगितलं

मी आज जिवंत आहे, कारण मोठ्या आईनं माझ्या वडिलांचं ऐकलं नाही.

काल दुपारी ती गेली. जेवून जरा आडवी झाली होती. झोपेतच गेली.

मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. शेवंती, गुलाब, थोडा झेंडू.
लहानपणच्या माझ्या बहुतेक आठवणींत धुकं आहे आणि धुक्यात तिचा नुसता आवाज. फुलं खुडत ती दोन ओळी पुढे असायची. दिसायची नाही.

तिचा एकुलता एक मुलगा, विलासदादा. एकविसाव्या वर्षी गेला.
फुलांनी भरलेला टेम्पो बंद पडला, तो ढकलताना रस्त्यातच कोसळला.

त्याआधी दोनदा चक्कर येऊन पडला होता. तेव्हा टॉनिक मिळालं होतं.

त्या सकाळी तो काही न खाता घराबाहेर पडला होता. भेटायला आलेल्या बायका हळू आवाजात म्हणायच्या, "उपाशीपोटी कशाला जाऊ दिलं पोराला?"
मोठी आई चहा ठेवायला उठायची.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी बारावीला होते.
आम्ही दोघी पांडवलेणीला गेलो होतो. पायऱ्या चढता चढता एकदम सगळं लांब गेलं. खालचा हायवे, ट्रकचे हॉर्न, माझे स्वतःचे पाय. भीती नाही वाटली. उलट फार हलकं वाटलं, कुणीतरी अलगद उचलून नेतंय असं.

डोळे उघडले तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "वाढीचं वय आहे. रक्त कमी असेल. टॉनिक देतो."
मोठी आई खुर्चीवरून उठली.
"माझ्या विलासलाबी टॉनिकच दिलं होतं. मला हृदयाच्या मोठ्या डॉक्टरचं नाव लिहून द्या."

शरणपूर रोडला एक हार्ट स्पेशालिस्ट होते. मी, बाबा आणि मोठी आई रिक्षानं निघालो.
रिक्षात बाबा म्हणाले, "वहिनी, तिथं विलासचा विषय काढू नका. पोरीचं लग्न व्हायचंय. घरात आजार हाय असं झालं तर कोण दारात येईल?"


डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. मग मला उकिडवं बसायला सांगितलं, लगेच उभं राहायला सांगितलं. परत ऐकलं. बराच वेळ ऐकलं.
"घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का?"

बाबा जमिनीकडे बघत होते.

"माझा मुलगा," मोठी आई म्हणाली. "टेम्पो ढकलताना. त्याच्या आधी दोनदा पडला होता, ह्या पोरीसारखाच."

लगेच इको काढला. अंधारी खोली, छातीवर गार जेल, स्क्रीनवर राखाडी सावल्या उघडत होत्या, मिटत होत्या. मशीनमधून आवाज यायला लागला, पाटाला पाणी सोडल्यासारखा. माझं रक्त इतकं मोठ्यानं वाहतं, हे मला माहीत नव्हतं. मी तशीच त्या आवाजात पडून राहिले.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत जाड झालेली, त्यामुळे रक्ताची बाहेर पडायची वाट अरुंद. जन्मानं, घराण्यातून येणारा आजार.
"तुमच्या मुलाला बहुधा हाच असणार. आता खात्रीनं सांगता येणार नाही."

मोठ्या आईनं एकच विचारलं.
"म्हणजे तो उपाशी होता, म्हणून नाही गेला?"

"नाही, आई. खाण्याचा काही संबंध नाही."

ती रडली नाही. पदरानं चेहरा पुसला आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. डॉक्टरांनीही घाई केली नाही.

त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला तिनं फुलांच्या टेम्पोत बसवून इकोला नेलं. बाबांच्या हृदयाचीही भिंत थोडी जाड निघाली. त्यांना कधी त्रास झाला नव्हता इतकंच. त्या दिवशी घरी येऊन ते तिला म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं."
ती म्हणाली, "चहा घ्या."

माझं पळणं बंद झालं, गोळ्या सुरू झाल्या. स्थळं यायला लागली तेव्हा पाहुणे टेकायच्या आत मोठी आई सांगायची, "पोरीला हृदयाचा आजार हाय. रोज गोळी लागती. चालत असंल तर पोहे आणते."
दोन स्थळं पोहे न खाता गेली. तिसरा मुलगा म्हणाला, "आणा." तोच माझा नवरा.

काही वर्षांनी गोळ्या पुरेनात. चार पावलं चाललं तरी धाप लागायची. नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईला अशा ऑपरेशनच्या खास सर्जनकडे पाठवलं. छाती उघडून त्या जाड भिंतीचा थोडा भाग कापून काढायचा.
घरचे सगळे घाबरले होते. मोठी आई बॅग भरून सगळ्यात आधी तयार.

आयसीयूत शुद्ध आली तेव्हा सगळं पाण्याखालून दिसत होतं. पायाशी तिचा हिरवा पदर तेवढा ओळखू आला.
"वाट मोकळी झाली गं," ती म्हणाली. "डॉक्टरनी सांगितलं मला."

माझ्या मुलीचा इको आम्ही ठरल्या वेळी काढतो. आजवर नॉर्मल आहे. तुमच्याही घरात कुणी तरुण माणूस असं अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. तिला हेच आवडलं असतं.

परवा तिला भेटायला गेले होते. फार थकलेली, आवाज अगदी खोल गेलेला. मी शेजारी बसले, तसं तिनं विचारलं,
"जिना चढून आलीस. दम नाही ना लागला?"

नाही लागला, मोठी आई.
तू निवांत जा.