हंगाम संपल्यावर बसवायचे हेडलाइट

पूर्ण किट कुणी फुकट दिलं तरी मला नको असतं. खोकं उघडायचं, आकडे बघून भाग तोडायचे आणि कागदावर सांगितलं असेल तसे चिकटवायचे, याला गाडी बांधणं म्हणत नाहीत, हुकूम पाळणं म्हणतात. हुकूम पाळायची मला लहानपणापासून चीड आहे. मला लागतात ती जुनी, कोपरे फाटलेली, कुणीतरी अर्ध्यावर सोडून दिलेली प्लास्टिकच्या मोटारींची किटं. मोबाईलवर ती विकणारे लोक भेटतात. जाहिरातीच्या तळाशी ते बारीक अक्षरांत लिहितात, ‘काही भाग नाहीत’. एवढं वाचलं की माझे हात शिवशिवायला लागतात.

माझा धंदाच तसा आहे. मी दातांचा डॉक्टर. श्रीगोंद्यात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून खाली दवाखाना आणि वर घर. लोकांच्या तोंडात जे उरलेलं नाही ते बनवून बसवण्यात माझी हयात गेली. तेव्हा गाडीला एखादं चाक नसलं तर मला त्याचं विशेष काही वाटत नाही. कवळीसाठी हिरड्यांचं माप घ्यायला आम्ही एक पूड पाण्यात कालवतो. ती आधी लापशीसारखी असते आणि पाहता पाहता रबरासारखी घट्ट होते. त्या लापशीत गाडीचं असलेलं चाक दाबायचं, साचा तयार झाला की त्यात कवळीचं गुलाबी प्लास्टिक ओतायचं, की नसलेलं चाक हजर. रंग देईपर्यंत ते हिरडीच्या रंगाचं दिसतं. पहिल्यांदा ते बघून आमची ही म्हणाली होती की आता या गाडीला दात यायला लागतील. ही म्हणजे माझी बायको. शाळेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी दवाखान्याच्या काउंटरवर बसते आणि पेशंटपेक्षा माझ्यावर जास्त लक्ष ठेवते.

बाकीचे भाग घरातच सापडतात. समोरची काच नव्या शर्टाच्या कॉलरखालच्या पारदर्शक पट्टीतून निघते. आरसे गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीचे होतात. रेडिओच्या एरियलसाठी खराट्याचा हीर तासून घेतला की झालं. दुपारी दवाखाना बंद असतो आणि सगळं गाव जेवून आडवं झालेलं असतं. मला झोप येत नाही, कधीच येत नव्हती. दोन घटका स्वस्थ बसलो तर पाय आपोआप हलायला लागतो, मग उठून फ्रीज उघडतो, काही न घेता बंद करतो, गॅलरीत जातो, परत येतो. या गाड्या मला माणसात ठेवतात असं ही म्हणते, आणि ते खरं असावं.

दिवाळीनंतर जे खोकं आलं त्यात लांबलचक अमेरिकन गाडी होती. खोक्यावरच्या चित्रात ती निळी होती आणि तिच्यापुढे एक हसरं कुटुंब उभं होतं. आत मात्र पुढचं एक चाक, समोरची काच, डॅशबोर्ड आणि दोन्ही हेडलाइट गायब. मला कोण आनंद झाला. त्या दिवशी जेवणसुद्धा मी उभ्या उभ्या उरकलं.

चाक झालं, काच झाली. चाक आसावर बसवताना माझा उजवा हात हलला. फार नाही, पण चिमट्यात धरलेलं चाक आसाच्या टोकाभोवती फिरत राहिलं, आत जाईना. मी श्वास रोखला, कोपर टेबलावर टेकवलं, तरी तेच. दातांच्या डॉक्टरला हात म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. तेवढ्यात खालून उसाचा ट्रॅक्टर गेला, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या आणि गाणी ठणाणा लावलेली. तावदानं खडखडली, टेबल थरथरलं, रंगाच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. मला इतकं हायसं वाटलं की त्या ट्रॅक्टरवाल्याला मी मनातल्या मनात आशीर्वाद दिला. हात हलत नव्हता, रस्ता हलत होता.

गाळप सुरू झालं की आमच्या रस्त्याला उसंत नसते. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, सगळ्यांचं तोंड कारखान्याकडे. घराच्या भिंतींना तडे जातात ते या वाहनांनीच, असं सगळी आळी म्हणते. मग माझ्या हाताचं खापरही मी त्यांच्यावरच फोडलं. टेबल मागच्या खोलीत नेलं. पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. चिमटा बदलला, गोंद बदलला, पंखा बंद करून घामाघूम होऊन बसलो. ही दारात उभी राहून सगळं बघत होती. एकदा म्हणाली की नगरला एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवून येऊ. मी खेकसलो, की आधी रस्त्याला दाखवून आण. आत्ता तर एकही ट्रॅक्टर गेला नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. त्यावर मी म्हणालो की जमीन नंतरही काही वेळ थरथरत राहते. असल्या गोष्टी मी तोंड वर करून बोलत होतो, आणि वर दाताच्या मुळांची आकृती काढून, हिरडीत दात हलतो तशीच जमीन हलते, असं समजावूनही देत होतो.

डॅशबोर्डला हात फार लागत नाही, कापायचं आणि कानशीने घासायचं काम. तो मी आठवडाभर खपून घडवला. काट्यांची गोल घड्याळं, रेडिओच्या खुंट्या, हातमोजे ठेवायचा कप्पा, आणि ऐटीत बसवलेलं स्टेअरिंग. कौतुक करून घ्यायला हिला बोलावलं. तिने चष्मा चढवून आत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘पाय डावीकडे आणि हात उजवीकडे ठेवून हा माणूस गाडी चालवणार कसा?’ मी बघितलं. अमेरिकन गाडी, क्लच, ब्रेक सगळं किटमध्येच डाव्या बाजूला घडवून आलेलं. आणि मी जन्मभर श्रीगोंदा ते नगर एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसून गेलेला माणूस, स्टेअरिंग उजवीकडे बसवून मोकळा. एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मी डॅशबोर्ड उपटून काढायला गेलो, तो निघेना, तेव्हा गाडी भिंतीवर आपटायला उचलली. हिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटावर ठेवली. डॅशबोर्ड चुकला म्हणून मी चिडलो नव्हतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

खाली दवाखान्यात माझी लपवाछपवी चालूच होती. बारीक कामांचे पेशंट मी पुण्याला पाठवायला लागलो. रस्त्यापलीकडे एका तरुण डॉक्टरने नवा, काचेच्या दाराचा दवाखाना टाकला होता, पण त्याच्याकडे पेशंट पाठवायला माझा जीव होईना. कवळ्यांचं माप घेणं, दात साफ करणं, एवढंच मी हातात ठेवलं, तेही डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देत. कुणाला काही झालं नाही हे नशीब.

आणि मग मी स्वतःशी एक पैज लावली. हेडलाइट शेवटी बसवायचे असतात. साबुदाण्याएवढ्या दोन काचा, पारदर्शक प्लास्टिक कापून मीच केलेल्या. त्या खोबणीत अलगद, सरळ बसल्या पाहिजेत. तिरक्या बसल्या की गाडी चकणी दिसते. ठरवलं, की हंगाम संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. रस्ता शांत झाला की बसवायच्या. बसल्या तर हात ठणठणीत, मग कुणी एक शब्द बोलायचा नाही. नाही बसल्या तर दवाखाना बंद करायचा. परीक्षा मीच काढलेली, देणार मीच, फक्त तारीख कारखान्याच्या हातात.

त्या दिवसांत माझी जी तगमग झाली ती मी कुणाला सांगितली नाही. येईल त्या पेशंटला विचारायचो, अजून किती ऊस उभा आहे, तोडणीच्या टोळ्या परत निघाल्या का, कारखाना कधी बंद होणार. तोंडात कापूस कोंबलेला माणूस बोटांनी खुणा करून सांगायचा. काष्टीकडच्या एका बागायतदाराने चूळ भरून मला आपुलकीने विचारलं, ‘डाक्टर, तुमचा बी ऊस ऱ्हायलाय व्हय तोडायचा?’ त्याचा राहिला होता. त्याला कारखाना आणखी थोडे दिवस चालायला हवा होता, आणि मी त्याच्या तोंडात वाकून तो बंद कधी होतो ते विचारत होतो. मला माझीच लाज वाटली. पण दुसऱ्या पेशंटलाही मी तेच विचारलं.

होळी मागे पडली. ट्रॅक्टर विरळ झाले. मग एके दिवशी कारखान्याचा भोंगा वाजला, बराच वेळ वाजत राहिला. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक संसाराची भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं घेऊन गावाकडे निघाले. त्यांच्यामागे रस्त्यावर नुसतं उसाचं पाचट उडत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबल पुन्हा पुढच्या खोलीत आणलं. हात धुतले. गाडी कपाटावरून काढली, धूळ फुंकली. ही आत झोपली होती, किंवा झोपल्यासारखं करत होती. बाहेर इतकी शांतता होती की शेजारच्या गिरणीचा पट्टाही ऐकू येत नव्हता. मी चिमट्यात पहिली काच धरली आणि खोबणीजवळ नेली. ती हलत होती. टेबल हलत नव्हतं. रंगाच्या बाटल्या गप्प उभ्या होत्या. मी थांबलो, हात झटकला, पुन्हा धरली. काच खोबणीच्या कडेला लागून उडाली आणि फरशीवर कुठेतरी गेली. दुसरी घेतली, तीही हलत होती. मी वाट बघत राहिलो की एखादा ट्रॅक्टर येईल. एक तरी मागे राहिलेला, चुकलेला. मग चिमटा खाली ठेवला. मला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर रडू येत होतं, आणि राग कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. उरलेली काच मी डबीत घालून ठेवली. हिला उठवलं नाही. आणि पैज हरलेली असताना, पाचच्या ठोक्याला खाली जाऊन दवाखाना उघडला.

पहिलीच पेशंट बाजार करून आलेली काष्टीची मावशी. वरची कवळी मीच केलेली. खालचा एक दात हलत होता, दुखत होता, तो काढायचा होता. सुपारी फोडण्याइतकं सोपं काम. मी हातमोजे चढवले, तोंडातला आरसा आत घातला, आणि तो तिच्या कवळीवर टकटक वाजायला लागला. तिने माझं मनगट धरून आरसा बाहेर काढला.

‘डाक्टर, हात का हालतोय? सकाळधरनं जेवला न्हाई व्हय?’

मी काही बोलायच्या आत ती खुर्चीवरून वाकली आणि पायाशी ठेवलेली पिशवी उघडून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. वर ठेचा होता. आधी हे खा, मग माझा दात बघा, तोवर मी तोंड उघडत नाही, असं तिने बजावलं. खोटं वाटेल, पण मी हातमोजे काढून स्टुलावर बसलो आणि ती भाकरी खाल्ली. दुपारी मी जेवलोच नव्हतो. प्रत्येक घासाला मला वाटत होतं की असेल, भूकच असेल. ही काउंटरवरून उठून दारात आली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी शेवटचा तुकडा संपवला, पाणी प्यालो, हात धुतले, आरसा उचलला. तो तसाच हलत होता.

‘मावशी, भुकेनं नाही हलत,’ मी म्हणालो. ‘हात गेलाय माझा. तुमचा दात आता माझ्याच्याने निघायचा नाही.’

हे मी हिलासुद्धा कधी बोललो नव्हतो. हिने दाराच्या चौकटीला हात टेकला.

मावशीने भाकरीचं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. मग विचारलं, ‘मग मी कुनाकडं जाऊ?’

दिवाळीपासून मी माझ्या हाताचा विचार करत होतो, रस्त्याचा, हंगामाचा, हेडलाइटचा. तिचा दात या सगळ्यात कुठेच नव्हता. मी पुणं म्हणणार होतो, नगर म्हणणार होतो. ती काष्टीहून बाजाराच्या टेम्पोने आली होती आणि अंधार पडायच्या आत तिला परत जायचं होतं. मी तिची पिशवी उचलली आणि तिला घेऊन रिकामा रस्ता ओलांडला.

काचेचं दार ढकललं तेव्हा तो तरुण डॉक्टर एकदम उठून उभा राहिला, मला सर म्हणाला, स्वतःची खुर्ची पुढे केली. मी त्याला दात कुठला, मूळ किती वाकडं आहे, सगळं सांगितलं. मग निघायला वळलो तर मावशी खुर्चीत बसेना. तुमी हितंच थांबा, म्हणाली, न्हाईतर मी उठून जाईन. मी थांबलो. इंजेक्शनची सुई बघून तिने डोळे मिटले आणि चाचपडत माझा हात धरला, उजवाच. दात निघेपर्यंत तो तिच्या मुठीत हलत राहिला, आणि तिने तो सोडला नाही.