वटवाघळाचा हुद्दा

कुणीतरी डोंगरात डबा लपवतं, आम्ही तो शोधतो आणि आतल्या वहीत आपापला शिक्का उमटवून परत येतो. या रिकामटेकड्या छंदासाठी मी स्वतःची खूण म्हणून वटवाघूळ निवडलं आणि गुलमंडीतल्या शिक्केवाल्याकडं गेलो.

माझ्या चित्राकडं न बघताच त्यानं विचारलं, "हुद्दा काय?"

"हुद्दा नाही. नुसतं वटवाघूळ."

त्यानं चष्मा कपाळावर सारला. जन्मभर सरपंच आणि चेअरमन रबरात कोरलेला माणूस तो. माझी त्याला मनापासून कीव आली असावी. "साहेब, हुद्द्याबिगर शिक्का म्हंजे नवरदेवाबिगर वरात. कोण विचारतंय?"

संध्याकाळी त्यानं तयार शिक्क्याला तोंडाची वाफ दिली आणि स्वतःच्या मनगटावर उमटवून दाखवला. गोलात वटवाघूळ, खाली ठळक 'अध्यक्ष'.

"तेवढं माझ्याकडून," तो म्हणाला.

मी चिडलो, पण हातात आलेलं अध्यक्षपद काही सोडवेना.

रविवारी वेरूळच्या डोंगरात डबा सापडला. वहीत माझ्या आधी कुणीतरी मोर उमटवून गेलं होतं. मोराखाली तसंच ठळक 'अध्यक्ष'.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच मी गुलमंडीत हजर. म्हणालो, "अध्यक्षाच्या आधी 'संस्थापक' घाला."

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "आता कसं बोललात!"