डाव्या पायातली चप्पल

कैरी चिरताना चिकाचा वास आला की मला पोलादपूरच्या डोंगरावरची आमची वाडी आठवते, आणि मे महिन्यातली ती दुपार. मी तेव्हा चौथीत होते. वावटळीत भूत असतं आणि डाव्या पायातली चप्पल उगारली की ते पळतं, असं आमच्याकडे सगळेच मानत. अंगणापलीकडे पाचोळा गरगरू लागला तशी शेजारची काकी चप्पल उगारून हसतच धावली, “नीघ हितनं, मेल्या!” मीही हसत होते. पण ती वावटळ विरली नाही. बघता बघता आभाळाएवढी झाली. कैऱ्यांनी लगडलेला आंबा कडाडून मोडला, काकीच्या गोठ्याचे पत्रे कागदासारखे उडाले आणि भिंत आत कोसळली. आत काका गुरांना पाणी पाजत होते. लोकांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा श्वास थांबला होता. सगळीकडे नुसता चिकाचा वास. काकी रडली नाही. हातातल्या चपलेकडे बघत मला म्हणाली, “ही उजवी हाय गो. घाईत उजवी घेतली मी.” आज मी शाळेत भूगोल शिकवते, वावटळ कशी तयार होते ते फळ्यावर काढून दाखवते. तरी मैदानात पाचोळा फिरू लागला की माझा डावा पाय आपसूक चपलेतून बाहेर येतो.