चांदोबाची ओवाळणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? — कोण जाणे. आज भाऊबीज. पश्चिमेला ती बारीक कोर दिसली आणि राहवेना.

लढाईची वर्षं होती. सांगलीत रॉकेल मिळायची मारामार, त्यामुळे दिवेलागणीला आमचं घर निळसर, झोपेत असल्यासारखं व्हायचं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. पुढं बाबांनी मिरजेच्या दवाखान्यातल्या एका ख्रिस्ती नर्सशी लग्न केलं. तीही विधवा. तिला मी मावशी म्हणायची. तिचा मुलगा योहान माझ्याहून थोडा मोठा. त्याला दादा म्हण, असं बाबा सांगायचे. मी नुसतं ‘अरे’वर भागवायची.

मावशी नाताळात करंज्या करायची, तशा दिवाळीतही करू लागली. आमच्या आकाशकंदिलाच्या कामट्या सोडवून योहान नाताळची चांदणी बांधायचा, आणि ती माझ्याच खिडकीत टांगायचा. मला ती आवडायची. हेही मी कधी बोलले नाही.

त्यांची आमच्याकडची पहिली भाऊबीज. शेजारणीला विचारून विचारून मावशीनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि स्वयंपाकघरात गेली. योहान टोपी घालून बसला. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. मी तबक घेऊन आले, आणि — तुम्हाला ठाऊक आहे ना, भाऊ नसलेली मुलगी भाऊबिजेला कुणाला ओवाळते?

चंद्राला. मी दरवर्षी चांदोबालाच ओवाळायची.

मी त्याच्यासमोरून तबक तसंच परसात नेलं. कोरीला ओवाळलं. सावकाश, त्याला दारातून नीट दिसेल असं. निरांजनाची ज्योत हलत नव्हती, नदीकडून गार वारंसुद्धा नव्हतं. इतकी सुंदर संध्याकाळ मी पुन्हा पाहिली नाही. वाईट वाटलं का? छे. मजा वाटली.

बाबा पेठेतून आले. पाट रिकामा, माझ्या हातात तबक.

“योहान बसला न्हाई व्हय गं?”

“त्यांच्यात चालत न्हाई म्हणाला,” मी म्हणाले.

मावशी दारात आली होती. तिनं मुलाकडं पाहिलं. एवढं हौसेनं मांडलेलं सगळं — तिचा चेहरा कसा उतरला, काय सांगू. योहाननं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, “व्हय. न्हाई चालत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी परसाच्या भिंतीवर कुंकवाची डबी होती. मिरजेत तो सतारी करणाऱ्यांच्या शेजारी वाढला. त्यांच्याकडचा भोपळ्याचा तुकडा आणून, घासून घासून केलेली. ज्याच्या आईच्या कपाळी कुंकू नाही, त्यानं.

“सुमे, चांदोबानं ओवाळणी टाकलीया बघ,” म्हणाला, आणि हसला.

मी डबी उचलली आणि आत गेले.

दुसऱ्याच्या धर्माचा मान ठेवावा, म्हणून बाबांनी पुन्हा कधी त्याच्यासाठी पाट मांडू दिला नाही. तो दरवर्षी दारात उभा राहून माझं चंद्राला ओवाळणं बघायचा. पोरानं घराचा मान ठेवला नाही, हे मावशीच्या मनात शेवटपर्यंत राहिलं. एका वाक्यात मला ते काढता आलं असतं. मी काढलं नाही.

योहान गेल्या उन्हाळ्यात गेला. डबी माझ्याकडं आहे, रोज त्यातलंच कुंकू लावते.

आता मला खरोखरच भाऊ नाही. कोर मघाशीच मावळली. निरांजन मी लावलं नाही.