पऱ्हाटीचा गॅस

खामगावच्या बाहेर, जिनिंगच्या गोदामांपलीकडे आमचा प्लांट होता. कोळशाचा चुरा आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, तुकडे एकत्र घालून त्यांचा गॅस करायचा आणि त्या गॅसपासून पुढे इंधन, असा सगळा बेत. मी डिप्लोमा करून तिथे कंट्रोल रूममध्ये लागले. माझं गाव धाडच्या बाजूचं. कापूस संपला की पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे चुलीसाठी घरी आणायचे, हे काम आम्हा बहिणींचं. त्या काट्याकुट्यांवर लेकीला नोकरी लागते, याचं आईला फार नवल वाटलं होतं.

प्लांट मला खऱ्या अर्थाने शिकवला तो एका वयस्कर फिटरने. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचं आयुष्य तेलमिलच्या बॉयलरवर गेलेलं. आमची भट्टी म्हणजे तीन मजले उंच पोलादी नळकांडं, आणि तळाशी वाळू. खालून हवा आणि वाफ जोरात सोडली की ती तापलेली वाळू पाण्यासारखी उकळायची. त्या उकळत्या वाळूत कोळसा-पऱ्हाटी पडली की पुरती जळून न जाता तिचा गॅस व्हायचा. हे मी पुस्तकात वाचलं होतं. चाचांनी सळईचं एक टोक पोलादाला टेकवलं आणि दुसरं माझ्या कानाशी धरलं.

“काय आयकू येऊन राह्यलं?”

“खळखळ, चाचा.”

“हाव. हे खळखळ हाये तोवर वाळू जिती हाये. आवाज बंद झाला का समज, बसली.”

आणि वाळू सारखी बसायची. पऱ्हाटीच्या राखेतले क्षार वितळून वाळूच्या कणांना चिकटत आणि त्यांचे काचेसारखे गोळे होत. मग भट्टी थंड करायची, चाचांनी आत उतरून छिन्नीने गोळे फोडायचे, नवी वाळू भरायची आणि पुन्हा सुरुवात. आमचे इंजिनिअर साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, मेहनती होता. त्यांनी कोळसा वाढवून पाहिला, पऱ्हाटी धुऊन पाहिली, वाळू बदलून पाहिली. दोन-तीन दिवस बरे जायचे, मग परत तेच. जेवायला बसलं की आता कोणी प्लांटबद्दल बोलत नसे. तो चालणार नाही हे बहुधा सगळ्यांना कळलं होतं. तरी सकाळी येऊन आम्ही तो पेटवत होतो.

एका दुपारी मोठी माणसं प्लांट पाहायला येणार होती. त्यांना गॅसची ज्योत दाखवायची होती. नेमका तेव्हाच पऱ्हाटी आत ढकलणारा स्क्रू अडकला. धागे गुंडाळून घट्ट झाला होता. खालून हवा सोडणारा ब्लोअर बंद केला. नियमाप्रमाणे आधी नायट्रोजन सोडून आतला गॅस धुऊन काढायचा असतो, पण नायट्रोजनची टाकी रिकामी होती. हातातलं गॅस तपासायचं मीटर कित्येक दिवस बिघडून कपाटात पडलं होतं. साहेब म्हणाले, “थोडं थांबावं लागेल का?” त्यांनी ते मलाच विचारलं, कारण दाबाचे काटे माझ्यासमोर होते.

वर स्क्रूच्या झाकणापाशी गेलेल्या चाचांचा वायरलेसवर आवाज आला. “बेटी, दाब किती हाये? झाकण खोलू का?”

काटा शून्यावर होता. पण तापलेल्या वाळूत अर्धवट राहिलेली पऱ्हाटी ब्लोअर बंद असतानाही गॅस सोडत राहते, हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं.

“शून्य आहे चाचा,” मी म्हणाले. “खोला.”

त्या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. पाच-सात मिनिटं काहीच आवाज आला नाही म्हणून मी वर धावले. चाचा झाकणाशी गुडघ्यांवर बसले होते, कपाळ पत्र्याला टेकलेलं, जणू वाकून आत काही पाहत असावेत. मी आणि दोन हमालांनी त्यांना ओढून मोकळ्यावर आणलं. चेहरा गुलाबी, अगदी निरोगी दिसत होता. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली; तो विषारी वायू रक्तात भिनला की रंग असाच येतो.

ते वाचले. आठवड्याने दवाखान्यातून चालत घरी आले. मला म्हणाले, “रडून काऊन राह्यली? मले काय झालं?” मी घरी गेले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

तीन आठवड्यांनी त्यांना बुटाची लेस बांधता येईना. मग पाना कोणता आणि पक्कड कोणती ते सांगता येईना. पाय घासत चालू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, अशा गॅसनंतर कधी कधी असं उशिरा होतं. सुधारतं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, “काहींचं सुधारतं.”

प्लांट पुढे काही महिन्यांनी बंद झाला. कागदावर कारण होतं, कच्चा माल अयोग्य. साहेब पुण्याला गेले. जाताना मला म्हणाले, “तुमची चूक नव्हती.” माझी होती, आणि त्यांचीही होती. पण हे बोलायला तिथे आता कोणी उरलं नव्हतं.

दर शुक्रवारी मी चाचांकडे जायचे. पहिल्या वर्षी ते मला ओळखायचे, मग कधी कधी, मग नाहीच. तरीही मला पाहिलं की अस्वस्थ व्हायचे, उठून चप्पल शोधायचे. एका शुक्रवारी चाची मला दारापर्यंत सोडायला आल्या.

“बेटी, एक बात सांगू? राग नको मानू.”

“सांगा ना चाची.”

“तू नको येत जाऊ आता. तू गेली का हे दिवसभर दारात उभे राह्यतात. ड्युटीवर जायचं म्हणतात. आवरत नाही मले.”

मी बरं म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दुपारी ‘खोला’ असं मीच म्हणाले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सांगायचं म्हणून मी कितीदा तरी त्या घरी गेले होते, आणि चहा पिऊन परतले होते.

त्यानंतर मी गेले नाही.